बंडीच्या खिशातल्या गोळ्या : विसर पडू लागलेल्या एका मधुमेही शेतकऱ्याचं प्रकरण

रुग्ण ७३ वर्षांचे शेतकरी. यवतमाळ जिल्ह्यातल्या कापूसपट्ट्यातलं गाव, तालुक्यापासून १८ किलोमीटर आत. शाळा चौथीपर्यंत. मधुमेह ११ वर्षांपासून, रक्तदाब ८ वर्षांपासून. घरात पत्नी, मुलगा, सून आणि आठवीत शिकणारी नात. नाव-गाव सांगत नाही. इथे त्यांना बाबाच म्हणतो, गावातही सगळे तेच म्हणतात.

बाबा ३ वर्षांपासून माझ्याकडे येत होते. सप्टेंबरमध्ये त्यांचा एचबीए१सी, म्हणजे मागच्या काही महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा आकडा, ६.३ आला, तेव्हा मी मुलाला म्हणालो होतो, "बाबांची साखर एक नंबर आहे, असंच चालू ठेवा." ते वाक्य आजही टोचतं. त्या रिपोर्टमध्ये धोका होता आणि मी त्याला शाबासकी दिली.

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा, वेचणी ऐन भरात. मुलगा आणि सून ८ वाजताच शेतात गेले होते. साडेदहाच्या सुमारास बाबा शेजाऱ्याच्या वावराच्या धुऱ्यावर भटकताना दिसले. अंगावर नुसती बंडी, धोतर सुटलेलं, घामाने निथळलेले. कोणी हात धरला की शिव्या देत होते. आयुष्यात कधी कोणाला अरे-तुरे न केलेला माणूस. लोक म्हणाले, "बुढ्याले बाहेरचं लागलं." आधी देवाला नेलं, अंगारा लावला. त्यात दीड-दोन तास गेले. मी त्या लोकांना दोष देत नाही. शांत माणूस एकाएकी असा वागला तर मनात हेच येतं, आणि साखर उतरल्यावर असंही होतं हे त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

आशाताईंनी ऐकलं आणि त्या हट्टाने त्यांना उपकेंद्रात घेऊन गेल्या. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकारी ताईंनी बोटाला सुई टोचली. साखर ३८. बाबा गुंगीत होते, पण गिळता येत होतं. ताईंनी अर्धा पेला पाण्यात ४ चमचे साखर घोळून घोट-घोट पाजली. पंधरा मिनिटांनी ६१. पुन्हा तेवढंच पाणी. आणखी पंधरा मिनिटांनी ९४. बाबांनी डोळे उघडले आणि विचारलं, "मले काहून आनलं इथं?"

इथपर्यंत सगळं अगदी बरोबर झालं होतं. ताईंनी बजावलं होतं की लगेच तालुक्याला न्या. पण बाबा चालू-बोलू लागले होते, घरी कापूस पडला होता, आणि घरच्यांना वाटलं की उतरलं. दुपारी ४ वाजता बाबा खाटेवर पडून होते, हाक मारली तर ओ देईनात. १०८ ची गाडी बोलावून त्यांना माझ्या दवाखान्यात आणलं. साखर ४४. शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली दिलं आणि मग १० टक्के डेक्स्ट्रोजचं सलाइन सुरू ठेवलं. पहाटे ३ वाजता सलाइन चालू असूनही ५८. दुसऱ्या दिवशी रात्री कुठे आकडा स्वतःच्या पायावर उभा राहिला.

साखर एकदा वर आली की रुग्ण बरा, असं फक्त इन्सुलिनच्या थोड्या वेळ टिकणाऱ्या डोसाच्या बाबतीत म्हणता येतं. स्वादुपिंडाला जबरदस्तीने इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या गोळ्या, म्हणजे सल्फोनिलयुरिया गटातल्या, म्हाताऱ्या माणसाच्या अंगात एक-दीड दिवस काम करत राहतात. किडनी थकलेली असेल तर त्याहूनही जास्त. बाबांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, १.६ होतं. वय धरून हिशेब केला की किडनीची गाळण्याची ताकद साधारण ४५. अशा रुग्णाला साखर-पाणी पाजून घरी सोडायचं नसतं. २४ तास तरी नजरेखाली ठेवावं लागतं.

आता प्रश्न, गोळी गेली किती? नातीला म्हटलं, घरात आजोबांची म्हणून जेवढी औषधं असतील तेवढी सगळी आण, काही वेचू नकोस. ती एक पन्नी घेऊन आली. त्यात माझी ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची जोडगोळी होती, सकाळ-संध्याकाळची. रक्तदाबाची अॅटेनोलॉल होती. आणि एक तिसरी पट्टी होती, जी मी लिहिलेली नव्हती : ग्लिबेनक्लामाइड ५ मिलिग्राम. चौकशी केल्यावर कळलं, दिवाळीआधी गावाजवळ एक शिबिर झालं, तिथे साखर २१० निघाली म्हणून "शुगरची गोळी" मिळाली. शिबिरातल्यांनी आधीचं औषध विचारलं, बाबांनी सांगितलं, "काईच चालू नाई." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना आठवतच नव्हतं.

माझी पट्टी १५ दिवसांची, ३० गोळ्यांची. ती ११ दिवसांत संपली होती. आणि बाबांचे ओले कपडे बदलताना सिस्टरला बंडीच्या खिशात खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची, एक चुरगळलेली पन्नी सापडली. सुपारीच्या चुऱ्यात ४ गोळ्या चिकटल्या होत्या, पांढऱ्याच्या तांबूस झालेल्या. म्हणजे काही दिवस गोळी दोनदा पोटात जात होती आणि काही दिवस खिशात. मी तीन वर्षं ज्या हिशेबाने डोस ठरवत होतो, त्या हिशेबाला जमीनच नव्हती.

सुनेने ते अगदी सरळ सांगितलं : "मामाजीले इचारलं तं म्हनत, घेतली. आत्याबाई म्हनत, नाई घेतली. मंग त्या अजून एक देत." आत्याबाई म्हणजे तिची सासू, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पट्टीचा रंग तिला दिसतो, अक्षर नाही.

मग मी तेव्हा विचारले ते प्रश्न, जे दीड वर्षांपूर्वी विचारायला हवे होते. कळलं ते असं. मागच्या वर्षीपासून बाबा बाजाराच्या दिवशी वाट चुकायचे, दोनदा लोकांनी घरी आणून सोडलं. जेवण झाल्यावर तासाभराने "मले कोनी जेवाले इचारलं नाई" म्हणून रुसायचे, आणि कधी याच्या उलट, न जेवताच "जेवलो ना मी" म्हणून उठायचे. गेले सहा महिने सकाळी अकराच्या आसपास विनाकारण चिडायचे, भांडी फेकायचे, आणि मग झोपून जायचे. घरच्यांनी त्याला म्हातारचळ म्हटलं. अकरा वाजताची ही चिडचिड माझ्या मते तेव्हापासूनच साखर उतरण्याची होती. सकाळी सातला गोळी, आठला घर रिकामं, भाकर झाकून ठेवलेली आणि खायची आठवण नाही.

तरुण माणसाची साखर उतरली की हात कापतात, छाती धडधडते, भूक खवळते, आणि तो स्वतःच काहीतरी तोंडात टाकतो. म्हातारपणी ही आगाऊ सूचना बोथट होते आणि थेट मेंदूची उपासमार दिसते : गोंधळ, राग, तोल जाणं, बरळणं, झोप. त्यात बाबा अॅटेनोलॉलवर होते. ही गोळी धडधड आणि थरथर दोन्ही झाकून टाकते, घाम तेवढा उरतो. आधीच ज्याची स्मृती ढासळतेय त्याच्यात ही लक्षणं आणि डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची, लक्षणं एकमेकांत इतकी मिसळतात की ग्लुकोमीटरशिवाय वेगळी करता येत नाहीत. म्हणून माझा आता नियम आहे : मधुमेही म्हाताऱ्याचा स्वभाव "अचानक" बदलला असं घरचे म्हणाले, तर पुढचं वाक्य ऐकायच्या आधी बोटाला सुई.

एचबीए१सी ६.३ कसा काय आला, त्याचंही उत्तर शोधावं लागलं. ही चाचणी म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी. एका बाजूला ४५ आणि दुसऱ्या बाजूला २४० असले तरी सरासरी देखणी येते. शिवाय ती तांबड्या पेशींच्या आयुष्यावर उभी आहे, आणि विदर्भात हा पाया आधी तपासून घ्यावा लागतो. बाबांचं हिमोग्लोबिन ९.८ होतं. सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराची तपासणी केली, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस चाचणीत एएस निघाले, म्हणजे वाहक. वाहकाला स्वतःला सहसा त्रास नसतो, त्यामुळे ७३ वर्षं कोणाला पत्ता नव्हता. पण सिकलचं हिमोग्लोबिन काही यंत्रांवर एचबीए१सीचा आकडा चुकवतं, आणि ज्यांना पूर्ण सिकलसेल आजार आहे त्यांच्या पेशी लवकर मरत असल्याने तो खोटा कमी येतो. उलट लोहाच्या कमतरतेत तो खोटा वाढू शकतो. आपल्याकडे एकाच माणसात यातली एकाहून जास्त कारणं सापडू शकतात. बाबांच्या बाबतीत मी त्या आकड्यावर विसंबणं सोडलं. आठवडाभर उपाशीपोटी, सकाळी ११, संध्याकाळी ५ आणि झोपताना असे चार वेळचे आकडे वहीत लिहायला लावले. नातीने रेघा मारून वही केली.

स्मृतीची तपासणी मी मुद्दाम लगेच केली नाही. साखर इतकी खाली जाऊन आल्यावर मेंदू काही दिवस धुंदीत असतो, तेव्हा घेतलेली परीक्षा माणसावर अन्याय करते. दोन आठवडे साखर स्थिर राहिल्यावर बोलावलं. घड्याळाचं चित्र काढायला सांगणं चौथी शिकलेल्या माणसाला योग्य नव्हतं. निरक्षर आणि कमी शिकलेल्यांसाठी हरियाणातल्या बल्लभगढ भागात तयार झालेली हिंदी मानसिक स्थिती चाचणी आहे, तिच्या धर्तीवर मी आपल्याकडचे प्रश्न विचारले. आज बाजाराचा दिवस कोणता? पोळा होऊन गेला की यायचा आहे? तीन शब्द सांगितले, बैल, विळा, नदी. पाच मिनिटांनी एकही परत आला नाही. पोळा "यायचा हाय" म्हणाले. पण पन्नास वर्षांपूर्वी बैलजोडी कितीला घेतली, कोणाकडून, त्या बैलाच्या कपाळावर काय खूण होती, हे त्यांनी न अडखळता सांगितलं, आणि सांगताना चेहरा उजळला.

रक्तातलं बी-१२ १४० निघालं. थायरॉइड ठीक. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ घटतं, आणि बी-१२ घटलं की विसर पडतो, पाय बधिर होतात. घरात माळकरी जेवण, त्यामुळे खाण्यातूनही ते फारसं मिळत नव्हतं. इंजेक्शनं सुरू केली. मुलाला आधीच सांगून ठेवलं की यामुळे बाबा पूर्ववत होतील अशी आशा धरू नका, पण कमतरता आहे ती भरून काढायलाच हवी.

आता उपचार. मी दोन्ही सल्फोनिलयुरिया, म्हणजे ग्लिमेपिराइड आणि ग्लिबेनक्लामाइड, बंद केल्या. अमेरिकेच्या वृद्धवैद्यक संघटनेची एक यादी आहे, बीअर्स निकष म्हणतात, वृद्धांना कोणती औषधं टाळावीत याची. तीत ग्लिबेनक्लामाइड आधीपासून होती, आणि २०२३ च्या आवृत्तीत हा सगळाच गट पहिल्या-दुसऱ्या पसंतीतून काढायला सांगितला आहे. आपल्याकडे या गोळ्या स्वस्त आहेत, काम चोख करतात, आणि त्या मी आजही चाळिशीतल्या माणसाला लिहितो. पण ज्याला जेवल्याची आठवण राहत नाही, त्याला जेवणाच्या भरवशावर चालणारी गोळी द्यायची नाही.

बाबांना उरल्या दोनच : मेटफॉर्मिन ५०० आणि लिनाग्लिप्टिन ५. लिनाग्लिप्टिनला किडनीसाठी डोस कमी-जास्त करावा लागत नाही आणि एकट्याने ती साखर धोक्याइतकी पाडत नाही. दोन्ही रात्रीच्या जेवणानंतर. रात्रीच का, याला औषधशास्त्रातलं कारण नाही. त्या घरात सून फक्त रात्री निवांत असते. सकाळी तिला पाणी भरायचं, डबे करायचे, आठच्या आत निघायचं. गोळी तिच्या हातून, तिच्या डोळ्यांसमोर, आणि पट्ट्या तिच्या कपाटात कुलपाखाली. अॅटेनोलॉल एकदम न थांबवता हळूहळू कमी करून रक्तदाबाच्याच अॅम्लोडिपिनवर आणलं.

लघवीवाटे साखर काढून टाकणाऱ्या नव्या गोळ्यांचा विचार मी केला होता, किडनीसाठी त्या चांगल्याच. पण बाबांचं वजन ५१ वरून ४६ किलोवर आलं होतं, मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, आणि पाणी प्यायची आठवणही दुसऱ्याने करून द्यावी लागते. अंगातलं पाणी आणखी कमी करायची माझी हिंमत झाली नाही. दुसरा डॉक्टर वेगळं ठरवेल, आणि त्याचंही चूक म्हणता येणार नाही.

सगळ्यात अवघड होतं ते आकड्यांचं बोलणं. आठवड्याने मुलगा वही घेऊन आला, उपाशीपोटी १५८, १६६, १४९. चेहरा पडलेला. "डॉक्टरसाहेब, साखर तं वाढून राह्यली ना?" त्याला वर्षानुवर्षं आम्हीच शिकवलं की शंभराच्या आत ठेवा. मी त्याला कागदावर लिहून दिलं : उपाशीपोटी १०० ते १८०, झोपताना ११० ते २००. स्मृतिभ्रंश मध्यम किंवा जास्त असेल तर अमेरिकन डायबिटीस असोसिएशनही हीच मर्यादा मानते आणि एचबीए१सीच्या मागे लागू नका म्हणते. मग त्याला कारण सांगितलं. अॅकॉर्ड नावाच्या अभ्यासात १०,२५१ मधुमेही होते, ज्यांची साखर अगदी खाली आणायचा प्रयत्न केला त्यांच्यात मृत्यू जास्त झाले म्हणून तो भाग २००८ मध्ये थांबवावा लागला. कॅलिफोर्नियातल्या १६,६६७ रुग्णांचा अभ्यास २००९ मध्ये आला. साखर घसरून एकदा जरी दवाखान्यात भरती व्हावं लागलं, तरी अशा माणसांत पुढे स्मृतिभ्रंशाचं प्रमाण जास्त दिसलं, आणि जितक्या वेळा घसरली तितकं ते वाढत गेलं. मुलगा बराच वेळ कागदाकडे बघत बसला. मग म्हणाला, "म्हंजे आमीच कमी करू करू बिघडवलं का?" त्याला म्हटलं, नाही, तुम्ही आम्ही सांगितलं तेच केलं. साखर पाडायची गोळी मी दिली होती, आणि आठवण आहे का हे मी विचारलं नव्हतं. विसर आधी आला की घसरण आधी, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

साखर २५० च्या वर राहिली, रात्री तीन-चारदा लघवीला उठू लागले, जीभ कोरडी पडली, तर मात्र यायचं. मोकळं सोडायचं म्हणजे वाऱ्यावर सोडायचं नाही, हे दोनदा सांगावं लागलं.

जेवणाचं वेगळंच दुखणं होतं. नागपूरचे एक नातेवाईक फोनवरून पथ्य सांगायचे, भात बंद, केळ बंद, सकाळी कारल्याचा रस. घरच्यांनी इमानाने पाळलं. ४६ किलोच्या म्हाताऱ्याला अर्धी भाकर. मी भात परत ताटात आणला. दोन वेळा वरण-भाकर-भाजी, दुपारी दही, संध्याकाळी भाजलेले शेंगदाणे किंवा एखादं केळ. एकादशी बंद. यावर आत्याबाई नाराज झाल्या, चाळीस वर्षांची एकादशी. शेवटी त्यांनीच तोड काढली, त्यांनी स्वतः दोघांची धरायची आणि बाबांनी जेवायचं.

सकाळी ८ ते दुपारी ४ हा काळ तरीही उघडा होता. सुनेने वेचणी सोडून घरी बसावं असं कोणी सुचवलं, आणि मला राग आला. तिला किलोवर मजुरी मिळते, तो पैसा नातीच्या शाळेला जातो. आजार बाबांचा आहे, तिचं आयुष्य त्याच्या खुंटीला बांधायचं कारण नाही. मार्ग गावानेच दिला. बाबांचा एक बालमित्र रोज अकराच्या सुमारास खर्रा घोटायला ओसरीवर येतो, गेली कित्येक वर्षं. खर्रा सोडा म्हणून मी दोघांनाही सांगितलं आहे, अजून सुटलेला नाही. पण त्या माणसावर काम सोपवलं : आल्याबरोबर झाकलेली भाकर उघडायची, बाबा समोर खातात ते बघायचं, मग खर्रा. चिडचिड, घाम किंवा बरळणं दिसलं तर साखर-पाणी पाजून आशाताईंना हाक. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ १०८. साखरेची पुडी आता बंडीच्या त्याच खिशात असते जिथे गोळ्या सापडल्या होत्या.

जानेवारीत एकदा सगळं विस्कटलं. बाबांना छातीत कफ झाला, ताप आला, साखर २९० पर्यंत गेली. मी त्या दिवशी गावात नव्हतो. दुसरीकडे नेलं, तिथे कफाचं औषध बरोबर मिळालं, पण सोबत पुन्हा ग्लिमेपिराइडही सुरू झाली. तिथल्या डॉक्टरांना समोर २९० दिसत होते, मागचं काही माहीत नव्हतं. सुनेने पट्टीवरचं नाव वाचलं, नातीच्या वहीतल्या "बंद" यादीशी ताडून पाहिलं आणि गोळी न देता मला फोन केला. ती दहावी नापास आहे. ताप उतरला तशी चार-पाच दिवसांत साखर आपोआप १७० वर आली. त्यानंतर आम्ही एक कार्ड केलं, लाल शाईने : "स्मृतिभ्रंश आहे. साखर ३८ पर्यंत उतरली होती. सल्फोनिलयुरिया देऊ नये. उलटी-जुलाब असल्यास मेटफॉर्मिन थांबवावं." प्लास्टिकमध्ये घालून ते पुडीसोबत बंडीच्या खिशात शिवलं. तीन बंड्या, तीन कार्डं.

आता दहा महिने झाले. ७० च्या खालचा एकही आकडा वहीत नाही. उपाशीपोटी बहुतेक १३० ते १७०. वजन ४९. पायाचा बधिरपणा थोडा कमी आहे. अकरा वाजताची चिडचिड गेली, पूर्ण गेली. स्मृती परत आलेली नाही, उलट किंचित उतरली आहे. नातीला ते हल्ली कधी कधी स्वतःच्या बहिणीच्या नावाने हाक मारतात. ती ओ देते.

मागच्या आठवड्यात मी त्या गावाकडे गेलो होतो तेव्हा घरी डोकावलो. संध्याकाळची वेळ, जेवणं झालेली. सुनेने कपाट उघडून दोन गोळ्या त्यांच्या तळहातावर ठेवल्या. बाबांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुमी कोनाचे, बावा?" मी सांगितलं. "मंग बसा," म्हणाले, आणि सुनेला विचारलं, "म्या गोई घेतली का वं?"

"हातात हाय, मामाजी," ती म्हणाली, आणि पाण्याचा पेला पुढे केला.